एक वर्षाआड

माणसाचं वाईट व्हावं असं मला सहसा वाटत नाही. पण लालपेनचं, म्हणजे आमच्या विभागप्रमुखाचं, वाईट व्हावं असं मला रोज वाटायचं, सकाळी दहाला खिडकी उघडायचे तेव्हापासून ते संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत. आणि मी तर नुसती शेजारची. जिचं त्याने वाटोळं केलं होतं ती माझ्या बाजूच्या टेबलावर शांतपणे रंगीत पेन्सिलींना टोक काढत बसायची. मला तिचाही राग यायचा. म्हणायचे, बाई गं, तुझ्या अंगात रक्त आहे की पाणी?

तिला सगळे तक्ताबाई म्हणायचे. कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र विभागाच्या ऑफिसात आम्ही दोघीच. मी खिडकीवर, म्हणजे फॉर्म घ्यायचे, शिक्का मारायचा आणि पोरांवर ओरडायचं. ती आत, भिंतीला लागून. त्या भिंतीवर तिने हाताने काढलेला तक्ता होता, चांगला पुरुषभर उंच. चार वर्षांची पदवी, आठ सत्रं, बेचाळीस विषय, आणि कुठला विषय कशाच्या आधी नि कशाच्या नंतर ते सगळं रंगीत रेघांनी जोडलेलं. मातीचा विषय घ्यायचा तर रसायनशास्त्राचे दोन्ही भाग आधी झालेले हवेत. संख्याशास्त्र नसेल तर प्रदूषणाच्या मोजणीला बसता येत नाही. कायद्याचा विषय फक्त पहिल्या सत्रात, कारण शिकवायला येणारे वकील दुसऱ्या सत्रात मोकळे नसतात. एक विषय चुकीच्या जागी टाकला की त्याच्यामागून येणारे चार घसरतात आणि पोरगं वर्षभर लटकतं.

दर वर्षी प्रत्येकाने आखणीपत्रक भरून द्यायचं असतं, पुढे कोणत्या सत्रात काय घेणार त्याचं. शहाणी पोरं पत्रक घेऊन आधी तक्ताबाईकडे यायची. ती अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायची, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायची आणि म्हणायची, "रसायन सोडून मातीत शिरलास तर माती खाशील बाबा. हे इकडे घे, ते तिकडे टाक." पाच मिनिटांत पत्रक सरळ. बेचाळीस विषय तिला तोंडपाठ होते, पण ती स्वतः पदवीधर नव्हती. तिचा एक विषय राहिला होता.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, तिथे ती आणि तिची आई राहायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मी चपला काढतेय तोवर आईने मला सांगून टाकलं, "हिचा एक विषय राहिलाय हो. एकच!" पाणी देताना पुन्हा सांगितलं. निघताना दारात पुन्हा. तक्ताबाई आतून ओरडली, "आई, पुरे आता, खाली दुकानात पण ऐकू जातंय." खालून सायकलवाला म्हणाला, "आम्हाला पाठ आहे!" आम्ही तिघी हसलो, पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं.

तो राहिलेला विषय म्हणजे ओढ्याचं फील्डवर्क. सुट्टीत तीन आठवडे ओढ्याकाठी राहायचं, पाण्याची रुंदी, खोली, वेग मोजायचा, चिखल बाटल्यांत भरायचा, दगडाखालचे किडे मोजायचे. त्याच्याशिवाय पदवी मिळत नाही. त्याला जीप लागते आणि यंत्रं लागतात, आणि ती जीप नि ती यंत्रं आमची एकट्यांची नाहीत, भूगर्भशास्त्रवाल्यांबरोबर सामाईक आहेत. एक वर्ष त्यांचं, एक वर्ष आपलं. म्हणून फील्डवर्क एक वर्षाआड. हे छापील पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही. तिथे नुसतं "क्षेत्रकार्य, तिसरे किंवा चौथे वर्ष" एवढंच आहे.

बावीस वर्षांपूर्वी तक्ताबाई तिसऱ्या वर्षाला होती आणि लालपेन नवा नवा प्राध्यापक. मुलांना आखणीचा सल्ला द्यायचं काम त्याच्याकडे. हिने पत्रकात फील्डवर्क तिसऱ्या वर्षाला लिहून नेलं. त्याला त्या वर्षी जीपमध्ये आपल्या मर्जीतली पोरं बसवायची होती. त्याने लाल पेनने त्यावर काट मारली आणि चौथ्या वर्षाच्या रकान्यात ढकललं. ही म्हणाली, "सर, सगळं बरोबर आहे ना?" तो म्हणाला, "घाई काय आहे? ओढा कुठे पळून जातोय?"

चौथ्या वर्षी ही नाव द्यायला गेली तर फील्डवर्कच नाही. त्याच्याकडे धावत गेली. त्याने पत्रक उलटं केलं आणि खालच्या बारीक छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. आखणीची जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थ्याची राहील. "वाचता येतं ना?" म्हणाला.

आणखी एक वर्ष थांबता आलं असतं, पण शिष्यवृत्ती चारच वर्षांची होती. त्याच हिवाळ्यात वडलांना अर्धांगवायू झाला, डिलिव्हरीची गाडी चालवायचे ते अंथरुणाला खिळले, आणि धाकटा भाऊ शाळेत. हिला याच ऑफिसात तात्पुरती नोकरी मिळाली. पुढच्या वर्षी ओढ्याची पाळी आली तेव्हा तिने तीन आठवड्यांची रजा मागितली, तर मेल्याने दिली नाही. ऑफिस कोण बघणार म्हणे! मग तिने अर्ज केला की नोकरीचा अनुभव धरून फील्डवर्कमधून सूट द्या. त्यावर याने कॉलेजच्या अभ्यासमंडळाकडून एक परिपत्रकच मंजूर करून घेतलं, खाली याची लाल सही: क्षेत्रकार्यास कोणत्याही कारणास्तव सूट मिळणार नाही. एका पोरीला नाही म्हणायला अख्खा नियम! असा माणूस.

एवढ्यावर थांबला असता तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे. पण तक्ताबाई नोकरीत रुळली आणि प्राध्यापकांनी सही केलेल्या पत्रकांतल्याही चुका तिला दिसायला लागल्या. एकदा एका मुलाचं पत्रक घेऊन ती त्याच्या खोलीत गेली. चार प्राध्यापक चहा पीत बसले होते. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "स्वतःचं शिक्षण अर्धवट, आणि तुम्ही माझ्या चुका काढणार? सहीचं पत्रक आलं की शिक्का मारायचा. वाचायचं नाही." चौघेही हसले म्हणे. ती परत आली आणि बसून तिने पेन्सिलींना टोक काढलं. त्या दिवसापासून जो विचारायला येईल त्यालाच ती सांगायची. सहीचं पत्रक आलं की मी शिक्का मारायचा, तिने फाईलला लावायचं. वाचायचं नाही.

पुढे तो विभागप्रमुख झाला. दर वर्षीचं वेळापत्रक तक्ताबाई बनवायची, त्याच्यापुढे ठेवायची आणि तो न वाचता सही ठोकायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आपल्या विभागात कुठला विषय कधी असतो हे त्या माणसाला बारा वर्षांत एकदाही माहीत करून घ्यावं लागलं नाही. पूर्वी माहीत होतं तेही तो विसरून गेला.

मग त्याच्या मुलीने आमच्याच विभागात नाव घातलं. पोरगी हुशार, उंच, बापासारखीच ताठ मानेची. खिडकीशी आली की "एक्सक्यूज मी" म्हणायची आणि मी वर बघेपर्यंत काउंटरवर बोटं वाजवायची. पहिली दोन वर्षं तिची आखणी बापच करायचा. कारकुनांना काय कळतं, असं तो जिन्यात कोणाला तरी म्हणाला होता, मी ऐकलंय.

तिचं तिसऱ्या वर्षाचं पत्रक माझ्या खिडकीत आलं तो दिवस मी विसरणार नाही. मी एरवी वाचत नाही. पण ते त्याच्या अक्षरातलं होतं म्हणून बघितलं. सुट्टीत तिला कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत दोन महिने पाठवायचं ठरलं होतं, नावापुढे छान दिसावं म्हणून. त्यासाठी याने फील्डवर्कवर लाल काट मारली होती आणि ते चौथ्या वर्षाच्या रकान्यात ढकललं होतं.

तीच काट, तोच रकाना.

मी शिक्का न मारताच ते पत्रक उचललं आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "ताई, बघ," म्हटलं. "बघ, देव आहे."

तिने पत्रक बघितलं. पेरांवर मोजलं. तिच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही. मग टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला, त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एक जुनं पिवळं पत्रक काढलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. बावीस वर्षं जपून ठेवलं होतं तिने! आणि मी समजत होते हिच्या अंगात पाणी आहे. बाईने नागिणीसारखा डूख धरला होता.

"शिक्का मार," ती म्हणाली.

मी इतक्या जोरात मारला की शाईची बाटली पडली.

पत्रक बदलायची मुदत पंधरा दिवस असते. ते पंधरा दिवस मी मोजले. चौदाव्या दिवशी ती मुलगी स्वतःच आत आली, खिडकीशी नाही, थेट तक्ताबाईच्या टेबलाशी. तेव्हा पहिल्यांदाच ती जरा घुटमळली. म्हणाली, "बाबांनी भरून दिलंय सगळं. पण वर्गातले सगळे यंदाच फील्डवर्कला जातायत. माझं बरोबर आहे ना?"

मला वाटलं, आता ही विरघळणार. बाई मुळात मऊ. चुकीच्या जागी टाकलेला विषय सोडला तर तिने आयुष्यात कोणाला काही नाकारलं नव्हतं.

तक्ताबाईने पेन्सिल खाली ठेवली. "सही कोणाची आहे?"

"बाबांची."

"मग त्यांनाच विचार. आम्हाला वाचायची परवानगी नाही."

मुलगी आली तशी गेली. तिने बापाला विचारलं असणार, आणि बापाने काय सांगितलं असेल ते मी डोळे मिटून सांगू शकते. त्या दिवशी मी घरी जाताना गाणं गुणगुणत गेले. नवऱ्याने विचारलं, पगार वाढला का? मी म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी झालंय, पण एक वर्ष थांब.

ते एक वर्ष मला फार गोड गेलं. लालपेन कॉरिडॉरमधून ऐटीत जायचा आणि मी मनात म्हणायचे, चाल बाबा चाल. तक्ताबाई मात्र गप्प. मूग गिळून बसली होती अगदी. कधी कधी ती त्या मुलीला लांबून बघत बसायची, आणि मी हाक मारली की दचकायची. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

चौथं वर्ष सुरू झालं आणि मुलगी माझ्या खिडकीशी आली. आता तिला बाहेरच्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, अट एकच, पदवी वेळेत हातात पाहिजे. "एक्सक्यूज मी, फील्डवर्कसाठी नाव द्यायचंय."

"यंदा नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी वर्षभर घोकलं होतं. "ते एक वर्षाआड असतं. आता पुढच्या वर्षी."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. बोटं वाजवायची थांबली. आणि खरं सांगू, मला जेवढी मजा येईल असं वाटलं होतं तेवढी आली नाही. पण आली.

दहा मिनिटांत लालपेन आमच्या ऑफिसात. बारा वर्षांत हा माणूस कधी आमच्या दारातून आत आला नव्हता, घंटी वाजवून बोलवायचा. मागे मुलगी, डोळे लाल.

"हा काय प्रकार आहे? फील्डवर्क का नाही?"

"जीप यंदा भूगर्भवाल्यांकडे आहे, सर," तक्ताबाई उठून उभी राहिली. "पहिल्यापासून असंच आहे."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"दर वर्षीच्या वेळापत्रकावर तुमची सही आहे."

"तुम्ही हिचं पत्रक फाईलला लावलंत ना? दिसलं नाही तुम्हाला?"

"शिक्का मारायचा, वाचायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. चार माणसांसमोर."

तो काही बोलायच्या आत तिने फाईलमधून पत्रक काढलं, उलटं केलं आणि खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. आवाज तसूभरही न चढवता म्हणाली, "वाचता येतं ना, सर?"

अहाहा! बावीस वर्षांचं व्याज त्या एका वाक्यात वसूल झालं. लालपेनला तेव्हा आठवलं, मी शपथेवर सांगते. त्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू ती त्या टेबलामागे आजच उगवली होती.

मग त्याची पळापळ सुरू झाली. आधी म्हणाला, मी विभागप्रमुख आहे, हिला सूट देतो, पत्र टाईप करा. मी अक्षरशः धावत जाऊन ते जुनं परिपत्रक काढून आणलं. कोणत्याही कारणास्तव सूट मिळणार नाही. खाली लाल सही, थोडी फिकी झालेली. तो कुलसचिवांकडे गेला. ते म्हणाले, स्वतःच्या मुलीसाठी स्वतःचाच नियम मोडताय, तर तसं कागदावर लिहून मंडळापुढे आणा. ते लिहायची काही त्याची छाती झाली नाही. करावं तसं भरावं, दुसरं काय?

शेवटी त्याने भूगर्भवाल्यांचे पाय धरले. ते सुट्टीचे शेवटचे तीन आठवडे जीप द्यायला तयार झाले. पण पाळी सोडून फील्डवर्क घ्यायचं तर किमान आठ विद्यार्थी लागतात. चौथ्या वर्षाच्या बाकी सगळ्यांचं झालेलं. तिसऱ्या वर्षाच्या पोरांची पाळी पुढच्या वर्षी, म्हणून त्यांनी मातीचा विषयही पुढे ठेवलेला, आणि तो झाल्याशिवाय फील्डवर्कला बसता येत नव्हतं. त्याच्याकडे विद्यार्थी होता एक. घरचाच.

पुन्हा तो आमच्या ऑफिसात आला. या वेळी हळू आला. खुर्ची ओढून तक्ताबाईसमोर बसला. "जुन्यांपैकी कोणी आहे का, फील्डवर्क राहिलेलं? मी त्यांची नावं परत घालून घेतो."

असंच आपलं नाव परत घालून घेण्यासाठी तिने त्याच्याकडे चार वेळा अर्ज केला होता, आणि चारही वेळा त्याने "मेलेली नावं उकरायची नाहीत" म्हणून परत पाठवला होता. तिने खालचा खण उघडला आणि एक कागद पुढे केला. अकरा नावं, प्रत्येकापुढे वर्ष आणि फोन नंबर. त्याने पहिलं नाव वाचलं आणि थांबला. ते तिचं स्वतःचं होतं.

"करा सही," मी मध्येच म्हणाले. माझं काही काम नव्हतं, पण राहवलं नाही. त्याने अकरा नावांवर एका दमात सही केली.

तो गेल्यावर मी तिला मिठीच मारली. "बाई बाई बाई! केवढी पोचलेली तू! हे सगळं आधीच ठरवलं होतंस?"

"छे गं," ती म्हणाली. "मला फक्त त्याचं तोंड बघायचं होतं. यादी आपली अशीच होती."

फोन करायचं काम माझ्याकडे आलं. यादी घेऊन बसले, आणि तिसऱ्या नावाशी माझं बोट थांबलं. नावापुढचं वर्ष बारा वर्षांपूर्वीचं. मी पुन्हा वरपासून वाचत आले. तिच्या खेरीज दहा नावं. चार तिच्या आधीची, जुन्या रजिस्टरांतून शोधलेली. बाकीची सहा ती नोकरीला लागल्यानंतरची.

"ताई, ही सहा आपल्या वेळची आहेत."

"हो."

"सगळ्यांची पत्रकं प्राध्यापकांनी भरलेली?"

"हो. विचारायला आली नाहीत ती."

"तुला दिसलं होतं?"

तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि परत खोचली. मी भिंतीकडे बघितलं. बेचाळीस विषय, पाच रंगांच्या रेघा, वकिलांना दुसऱ्या सत्रात वेळ नसतो हे सुद्धा कोपऱ्यात लिहिलेलं. फील्डवर्कच्या चौकोनात नुसतं "फील्डवर्क". एक वर्षाआड, हे दोन शब्द कुठेच नव्हते. पंधरा वर्षं मी त्या भिंतीच्या सावलीत बसत होते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"तक्त्यावर का नाही लिहिलंस गं?"

"लिहिलं असतं तर जाता-येता खिडकीतून त्यानेही वाचलं असतं, आणि कधी चुकला नसता," ती म्हणाली.

मी फोन उचलला आणि पुढचा नंबर लावला. दुसरं काय करणार होते?

दहांपैकी सहा जण आले. ती सातवी आणि मुलगी आठवी. एक रुग्णालयात परिचारिका, एक बसचा वाहक, एक तीन लेकरांची आई, असे सगळे. शिकवायला दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून लालपेनला स्वतःला जावं लागलं. शेवटच्या दिवशी हजेरीचं रजिस्टर आणायच्या निमित्ताने मीही गेले. खोटं कशाला बोलू, त्याला गमबुटांत बघायलाच गेले होते. गुडघाभर चिखल, टकलावर ऊन, डासांनी कान सुजलेले. पैसे देऊन बघावा असा देखावा होता.

तक्ताबाई पाण्यात उभी होती, पांढऱ्या होत चाललेल्या अंबाड्यात तीच पेन्सिल. जोड्या पाडताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि तिच्या वाट्याला ती मुलगीच आली होती. टेपचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. मला नंतर कळलं की पहिल्याच दिवशी मुलीने तिला विचारलं होतं, "तुम्हाला माहीत होतं ना?" हिने हो म्हटलं होतं. त्यानंतर तीन आठवडे ती मुलगी हिच्याशी आकड्यांखेरीज एक शब्द बोलली नव्हती. "चार मीटर वीस." "साठ सेंटिमीटर." एवढंच.

दुपारी सगळे डबे उघडून बसले. बसचा वाहक, चाळिशीकडे झुकलेला माणूस, उठून तक्ताबाईसमोर आला आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "ताई, बारा वर्षं माझं नाव जपून ठेवलंत. आईबापांनी आशा सोडली होती. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

मी तिच्याकडे बघत होते. नुसतं हसून मान हलवली असती तर संपलं होतं. कोणाला कळणार होतं?

"उपकार नाहीत," ती म्हणाली. "तुमचं पत्रक चुकलेलं मला तेव्हाच दिसलं होतं. मी फाईलला लावलं आणि गप्प बसले."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. जोडलेले हात त्याने हळूहळू खाली घेतले, डबा बंद केला आणि पलीकडच्या काठावर जाऊन बसला. मुलगी तक्ताबाईकडे एकटक बघत होती. लालपेन आपल्या डब्यात बघत होता. तो हसला असता तर मी त्याला ओढ्यात ढकललं असतं, पण तो हसला नाही. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण या जाळात त्याचा वाटा किती, तिचा किती, ते मला त्या काठावर बसून काही केल्या ठरवता येईना.

मुलीला पदवी वेळेत मिळाली, ती गेली. जाताना आमच्या ऑफिसात आली नाही. तक्ताबाईच्या प्रमाणपत्रावर लालपेनने सही केली तेव्हा मी मुद्दाम समोर उभी होते. प्रमाणपत्रावर लाल शाई चालत नाही, म्हणून त्याला माझं निळं पेन मागावं लागलं. मी झाकण काढून दिलं. घरी म्हातारीने तो कागद दोन वेळा वाचून घेतला, मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडली, "झाला हो, एकदाचा झाला!" आणि सायकलवाल्याने दुकानातल्या सगळ्या घंट्या वाजवल्या. तक्ताबाई तेव्हा हसली. मी तिला इतकं मोठ्याने हसताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचा तक्ता काढला आणि नवा लावला. वरच्या बाजूला, तळहाताएवढ्या अक्षरांत लाल रंगाने लिहिलं होतं: ओढ्याचं फील्डवर्क एक वर्षाआड. आपली पाळी कधी ते आजच विचारा.

आठवड्याने बसचा वाहक प्रमाणपत्र घ्यायला आला, ड्यूटीवरून तसाच, खांद्याला तिकिटांची पिशवी. मी कागद पुढे केला, त्याने रजिस्टरवर सही केली. तक्ताबाई आपल्या टेबलाशी उभी राहिली होती. तिला काहीतरी बोलायचं असावं. पण त्याची नजर तिच्यावर नव्हती. तो माझ्या डोक्यावरून मागची भिंत वाचत होता.

"त्या वर्षी पत्रक द्यायला मी याच रांगेत उभा होतो," तो मला म्हणाला. "पाऊण तास. वेळ जात नव्हता म्हणून हा तक्ता वाचत होतो. सगळा वाचला होता मी."

मग प्रमाणपत्राची नीट घडी करून त्याने ते पिशवीत ठेवलं आणि गेला. तक्ताबाई खाली बसली. तिने पेन्सिल उचलली, पण टोक काढलं नाही. त्याच्या मागे तीन मुलं रांगेत उभी होती. मी पहिल्याचं पत्रक हातात घेतलं, आणि शिक्का मारायच्या आधी ते वरपासून खालपर्यंत वाचलं.